शब्दचर्चा : आंघोळीचा स्पंज

ग्रीसमधल्या पाणबुड्या लोकांवरचा एक लेख मराठीत करते आहे. समुद्रतळावरून काढलेल्या, अंग घासायच्या नैसर्गिक स्पंजाला काय म्हणावे? नुसते 'स्पंज' लिहिले की भांडी घासायचा तुकडाच डोळ्यांसमोर येतो. 'समुद्रफेन' चालेल का?

— समुद्रफेन नको. ते माकुलाच्या जातीतल्या प्राण्याच्या पाठीतले पांढरे, ठिसूळ कवच. पोपटाच्या पिंजऱ्यात लावतात तेच.

— मग 'लूफा'?

— तीही नाही. घोसाळे वेलावरच जून होऊन वाळले की आत जी जाळी उरते, ती लूफा. ती वेलीची, हा प्राणी.

— जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकांत रंध्रीय प्राण्यांमध्ये 'आंघोळीचा स्पंज' असा शब्द आहे. मला तो फार आवडतो, कारण तो नेमका आहे. सगळे स्पंज अंगाला लावता येत नाहीत. कित्येकांच्या शरीरात चुन्याच्या किंवा काचेसारख्या सुया असतात. आंघोळीच्या स्पंजात त्या नसतात, 'स्पंजिन' या प्रथिनाच्या मऊ तंतूंचे जाळे असते. जिवंत स्पंज काळपट, बुळबुळीत. मांसल भाग कुजवून, तुडवून, धुऊन काढला की उरतो तो सांगाडा आपल्या हातात येतो. लेखात पाण्यातल्यासाठी 'स्पंज प्राणी' आणि बाजारातल्यासाठी 'आंघोळीचा स्पंज' असा भेद जरूर ठेवा. कृत्रिम असेल तिथे सरळ 'फोम' लिहा.

लेख ग्रीसच्या कालिम्नोस बेटावरचा असेल तर 'स्कांडालोपेत्रा' येईलच. तो शब्द तसाच ठेवून पहिल्यांदा 'बुडीचा चपटा दगड' असा खुलासा पुरे. हा दगड हातात धरून पाणबुडे एका दमात तळ गाठत. १८६०च्या दशकात हवा पुरवणारा पोशाख आला, माणसे जास्त खोल आणि जास्त वेळ राहू लागली, आणि वर येताना रक्तात वायूचे बुडबुडे होऊन कितीतरी तरुण लुळे पडले, दगावले. तिथे 'अपघात' हा शब्द अपुरा पडेल.

— आभार! लेख तिथलाच आहे. आणि क्रियापद? मी 'स्पंजमारी' लिहिले होते.

— स्पंज खडकाला चिकटून असतो, पळत नाही. कोकणात खडकावरून कालवे (शिंपल्यातले जीव) काढतात, तसे 'स्पंज काढणे' लिहा. बुंधा खडकावर राखून कापला तर तो पुन्हा वाढतो, म्हणून 'कापणी'सुद्धा शोभेल.