मदत हवी आहे: डिप्रेशनसाठी इलेक्ट्रोअ‍ॅक्युपंक्चर, फ्रीक्वेन्सी किती असावी?

नमस्कार मंडळी,

ताईला डिप्रेशन आहे. गोळ्यांनी झोप लागते, रडणं थांबलंय, पण कशातच गोडी वाटत नाही ते अजून तसंच. आता इलेक्ट्रोअ‍ॅक्युपंक्चर करून बघायचं चाललंय. डोक्याच्या माथ्यावर (बाईहुई) आणि दोन भुवयांच्या मध्ये (यिनतांग) सुया टोचून त्यांतून अगदी सौम्य करंट सोडतात. शॉक ट्रीटमेंट ती वेगळी. तिच्यात भूल देऊन फिट आणतात. घरात हे समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले.

वाचलं त्यात उंदरांचे प्रयोगच जास्त. ओला पिंजरा, उपासमार, दिवसरात्रीची उलटापालट असा छळ आठवडेच्या आठवडे केला की ते साखरेचं पाणी समोर असूनही त्याकडे फारसे वळत नाहीत. (ताईचं हेच तर झालंय!) सुया-करंट दिल्यावर परत पिऊ लागतात, आणि हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूचा स्मृती-भावनांशी निगडित भाग) बीडीएनएफ, म्हणजे चेतापेशींना जगवणारं प्रथिन, वाढलेलं सापडतं. दाहही उतरतो म्हणे. पण बीडीएनएफ व्यायामानेही वाढतं, डिप्रेशनच्या गोळ्यांनीही. शिवाय माणसात ते रक्तातच मोजणार, आणि रक्तातलं बरंचसं प्लेटलेट्समधून आलेलं असतं. मग मेंदूत काय झालं ते कळणार कसं?

खरी गोची फ्रीक्वेन्सीची आहे. वेदनेवरच्या संशोधनात 2 हर्ट्झला (म्हणजे करंटची सेकंदाला दोन स्पंदनं) एन्केफॅलिन आणि बीटा-एन्डॉर्फिन सुटतात, 100 हर्ट्झला डायनॉर्फिन, असं दिसलंय. ही तिन्ही शरीराची स्वतःची वेदनाशामकं. डायनॉर्फिन चेतापेशींवरच्या ज्या कप्पा रिसेप्टरवर (रसायनाचा संदेश घेणारी जागा) काम करतं, तो चेतवला तर उदासी येते! म्हणजे दुखण्याला चालणारं सेटिंग डिप्रेशनला उलट पडू शकतं का? की माझंच गणित फार सरळसोट आहे?

कोक्रेनचा (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) 2018 चा आढावा पाहिला. 64 अभ्यास, सात हजारांवर माणसं, थोडा फायदा दिसतो, पण पुराव्याचा दर्जा कमी. त्यात सगळ्या प्रकारचं अ‍ॅक्युपंक्चर एकत्र आहे. आणि करंट त्वचेला जाणवतो, मग अभ्यासात तुलनेसाठी करंटशिवायची खोटी ट्रीटमेंट घेणाऱ्याला संशय येणारच ना?

गोळ्या चालूच राहतील, मानसोपचारतज्ज्ञांच्या कानावर घातलंय, पेसमेकर वगैरे नाही. "आमच्या काकूंना गुण आला" एवढ्याने भागणार नाही हो. मशीनवर किती हर्ट्झ लावले होते, सोबत गोळ्या चालू होत्या का, हे ठाऊक असेल तर जरूर लिहा. चेताविज्ञानातलं कुणी असेल तर डायनॉर्फिनचं तेवढं सांगाच.