मदत हवी आहे: डुशेन (डीएमडी) असलेल्या भाच्यासाठी फिजिओथेरपी कोणती आणि जळगाव-भुसावळकडे कुठे?

भाचा नऊ वर्षांचा, यावल तालुक्यात राहतो. डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा जनुकीय आजार), जनुकीय तपासणीत पक्कं झालंय. स्टेरॉइड सुरू आहे, हृदयाची इको दरवर्षी करायला सांगितलीय. औषधाचं मार्गी लागलंय, अडलंय ते व्यायामापाशी.

सपाट रस्त्यावर चालतो, पण टाचा टेकत नाहीत. जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात ठेवत ठेवत वर येतो. पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या भरलेल्या, त्यामुळे घरात कोणाला हा आजार खराच वाटत नाही. बहिणीचे सासरे म्हणतात, "पोराले रोज वावरात चालवत न्या, पाय मोकये होतीन."

जवळच्या एका फिजिओथेरपिस्टकडे नेतो. तिथे करंट, शेक, पायाला वाळूच्या पिशव्या बांधून पाय उचलणे, उठाबशा, जिना चढ-उतार. लकव्याच्या पेशंटला जे, तेच याला. दुसऱ्या दिवशी पाय इतके दुखतात की शाळा बुडते. विचारलं तर "दुखणारच, ताकद येतेय." मला हे पटत नाही, पण बंद करा म्हणायला माझ्याकडे आधार नाही. शिवाय बहीण म्हणते, काहीच न करण्यापेक्षा बरं ना दादा?

तर, ही थेरपी चालू ठेवावी का? घरी काय करता येईल? आणि दर महिन्याला मुंबई शक्य नाही, केळीची कापणी सुरू झाली की मेव्हण्याला हलता येत नाही. खानदेशात कोणी अशा मुलाला घेऊन गेलं असेल तर सांगा.

उत्तर (मी फिजिओथेरपिस्ट आहे, जळगाव)

दादा, वाळूच्या पिशव्या, उठाबशा आणि जिना उतरणं आजच थांबवा. डीएमडीत स्नायूच्या पेशीला आधार देणारं डिस्ट्रॉफिन हे प्रथिन तयार होत नाही. स्नायू ताणला जात असताना त्याच्यावर भार आला, म्हणजे जिना उतरताना किंवा वजन सावकाश खाली आणताना, की पेशी फाटतात. दुसऱ्या दिवशी टिकणारं दुखणं म्हणजे व्यायाम जास्त झाला. लघवी कधी कोकाकोलासारखी काळपट झाली तर वाट न पाहता दवाखाना गाठा. करंटने या आजारात ताकद परत येत नाही.

करायचं ते असं. गुडघा सरळ ठेवून टाच धरायची आणि पाऊल हळूच वर वळवायचं, तसंच मांडीच्या मागचा भाग आणि खुब्याचा पुढचा भाग ताणायचा. दुखेपर्यंत नाही, ओढ जाणवेपर्यंत. आठवड्यातले बहुतेक दिवस हे व्हायला हवं, म्हणून ते ताईंनाच शिकवून घ्या, क्लिनिकवर अवलंबून राहू नका. रात्री घालायचे एएफओ स्प्लिंट (घोटा आणि पाऊल काटकोनात धरणारा आधार) मापाचे बनवून घ्या. तयार मिळतात ते टाचेला नीट बसत नाहीत. पाण्यातला व्यायाम उत्तम, पोहायला येत नसलं तरी कंबरभर पाण्यात चालणं चालेल, सोबत मोठं माणूस हवंच. वावरात जायचं तर सकाळच्या गारव्यात, थकायच्या आत थांबून. मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हात नाही.

पाटावरचं जेवण बंद करून खुर्ची द्या. जमिनीवरून उठण्यात त्याची निम्मी शक्ती जाते.

उत्तर (धुळ्याहून)

दादा, माझा मुलगा आता व्हीलचेअरवर आहे. आम्ही मुंबईत हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत गेलो. तिथे एकदा सगळी तपासणी करून व्यायाम लिहून घ्या आणि व्हिडिओ काढून आणा. तो दाखवला तर गावाकडचा फिजिओही तसं करतो. बहुतेकांना हा आजार पाहायलाच मिळालेला नसतो.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अजून काढलं नसेल तर काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी स्पष्ट लिहिलेली आहे. "हा चालतोय की" म्हणून परत पाठवलं तर तेच दाखवा. शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही सांगून ठेवा, ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी देतात.

श्वासाचं मात्र आम्हाला उशिरा कळलं. चालता येतंय तोवरच फुफ्फुसाची क्षमता मोजून घ्या, म्हणजे पुढे तुलना करता येते.

धागाकर्ता

ताई, डॉक्टर, दोघांचे आभार. पिशव्या बंद. एक शंका: टाच टेकावी म्हणून कोणी ऑपरेशन सुचवलंय, ते करावं का?

उत्तर (जळगाव)

घाईने नाही. हे मूल टाच उचलून तोल सांभाळत असतं. ऑपरेशनने टाचेमागची शीर (कंडरा) लांबवली की काहींचं चालणंच बंद पडतं. आधी ताणण्याचे व्यायाम आणि स्प्लिंट नेटाने करा, आणि हा प्रश्न डीएमडी पाहणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञालाच विचारा. ऑपरेशन किंवा भूल कशासाठीही द्यायची झाली तर आजाराचं नाव आधी सांगा, काही भुलीची औषधं या मुलांना चालत नाहीत. स्टेरॉइड सुरू आहे हेही सांगा. ते मनाने एकदम बंद करायचं नाही.