लता-रफी ‘भांडण’: ज्याला तुम्ही अहंकार म्हणता तो हक्काच्या पैशांचा प्रश्न होता

गोदाकाठचा

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या आमच्या जुन्या गाण्यांच्या ग्रुपवर कालपासून एक पोस्ट फिरते आहे. थोडक्यात असं, की लताबाईंनी अहंकारापायी रफीसाहेबांबरोबर गाणं सोडलं, गायिका सुमन कल्याणपूरांना वर येऊ दिलं नाही, सख्ख्या बहिणीला, आशाबाईंनाही दाबलं. गळा मोठा पण मन छोटं. खाली अंगठ्यांची ही रांग. ज्यांच्याबरोबर मी तीस वर्षं गाणी ऐकली त्यांचेही अंगठे त्यात दिसले, म्हणून लिहायला बसलो.

रफीसाहेबांशी वाद कशावरून झाला ते तरी आधी बघा. गाणं रेकॉर्ड झालं की गायकाला ठरलेले पैसे मिळायचे आणि विषय संपायचा. पुढे तबकडी वर्षानुवर्षं विकली जायची. त्यातली रॉयल्टी निर्मात्याला, काही संगीतकारांना. गाणाऱ्याला काही नाही. लताबाईंचं म्हणणं, गायकालाही वाटा हवा. त्यांनीच नंतर सांगितल्याप्रमाणे मुकेश आणि तलत महमूद त्यांच्या बाजूने होते. रफीसाहेबांचं मत वेगळं: गायलो, पैसे घेतले, आता मागायचं काही उरलं नाही. त्यावरून बैठकीत शब्दाला शब्द वाढला आणि साठच्या दशकात तीन-चार वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. यात मन छोटं कुठे दिसलं?

आणि हे एकदाच घडलेलं नाही. 1949 मध्ये ‘महल’चं गाणं देशभर वाजलं तेव्हा तबकडीवर नाव होतं ‘कामिनी’. म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. गाणारी कोण, ते लोकांना विचारावं लागलं. पुढे ‘चोरी चोरी’च्या संगीताला फिल्मफेअर मिळालं, तेव्हा समारंभात गायला लताबाईंनी नकार दिला. गायकाला पुरस्कारच नाही तर मी का गाऊ, हा त्यांचा मुद्दा. 1959 पासून पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला. नावासाठी, पुरस्कारासाठी, पैशासाठी, तिन्ही वेळा ही बाई सगळ्या गायकांच्या वतीने भांडली. त्याला ‘अहंकार’ म्हणालात तर मला राग येणारच.

सातपूरचा रफीभक्त

दादा, लताबाईंबद्दल आदर आहेच. पण तुमच्या लिहिण्यात रफीसाहेब नकळत मालकांच्या बाजूचे होऊन बसले, ते मला चालणार नाही. ज्या माणसाने कित्येक नव्या संगीतकारांकडून पैशाचा आग्रह धरला नाही, त्याला पैशाच्या वादात चुकीच्या बाजूला उभं करता?

त्यांचं म्हणणं साधं होतं. सिनेमा पडला तर निर्माता कर्जात जातो. गायक आपले पैसे परत करतो का? नाही ना. मग चालला तर वाटा का मागायचा? माझे वडील इथल्या कारखान्यात फिटर होते. ते म्हणायचे, पाना फिरवला, पगार घेतला, मशीन मालकाचं. रफीसाहेब त्याच मातीतले होते. तुम्हाला पटो न पटो, ती प्रामाणिक माणसाची भूमिका होती.

आणि ते पत्र! लताबाईंनी 2012 मध्ये मुलाखतीत सांगितलं, की रफीसाहेबांनी लेखी माफी मागितली तेव्हा वाद मिटला. माणूस 1980 साली गेलेला, उत्तर देऊ शकत नाही. त्यांच्या मुलाने जाहीरपणे सांगितलं, असं पत्र नाही. ते पत्र कोणी पाहिलंय? बत्तीस वर्षांनी गेलेल्या माणसाच्या नावावर माफी टाकणं हे मोठं मन आहे का, तेवढं सांगा.

सुमनस्वर

तुमच्या दोघांच्या भांडणात नेहमीप्रमाणे तिसरीचं नाव एका ओळीत गेलं. त्या तीन-चार वर्षांत रफीसाहेबांबरोबर कोण गात होतं? ‘जब जब फूल खिले’ (1965) काढून बघा. एकाच सिनेमात लताबाईंचं एकटीचं गाणं आहे, आणि रफीसाहेबांबरोबरचं ‘ना ना करते’ सुमनताईंचं. दोन्ही लागोपाठ लावा आणि आवाज वेगळा करून दाखवा. भल्याभल्यांना जमत नाही. हेच तिचं दुखणं झालं.

मी देवळाली कॅम्पची. लहानपणी गणपतीत ऑर्केस्ट्रा आला होता. गायिकेने रफी-सुमनचं द्वंद्वगीत फार सुंदर म्हटलं आणि निवेदक माइकवर म्हणाला, “लतादीदी आणि रफीसाहेबांचं हे अजरामर गीत”. माझी आई पहिल्या रांगेत होती. ती उठून स्टेजच्या पायरीपर्यंत गेली आणि म्हणाली, “अहो, सुमन कल्याणपूर.” त्याने हात जोडले, हसला, आणि पुढच्या गाण्यालाही तेच केलं. आई परत येऊन बसली ती कार्यक्रम संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही. तो चेहरा मी विसरलेले नाही. 2023 मध्ये पद्मभूषण जाहीर झालं तेव्हा आई नव्हती.

लताबाईंनी दाबलं का, याचा पुरावा माझ्याकडे नाही, म्हणून ते म्हणत नाही. पण नाव न घेण्याचा अपराध आपण सगळ्यांनी केला आहे, हे लिहून ठेवा.

गोदाकाठचा

ताई, मान्य. पोस्टला उत्तर द्यायच्या नादात मीही त्यांचं नाव एका ओळीत उरकलं.

रफीभक्त, पत्राबद्दल तुमचं ऐकून घेतो. दोघांच्या माणसांनी दोन गोष्टी सांगितल्या, पत्र समोर नाही, मीही त्यावर काही उभं करत नाही. पण वडिलांचं उदाहरण इथे लागू होत नाही. फिटरने बसवलेलं मशीन मालक रोज रेडिओवर वाजवत नाही, आणि त्यावर फिटरचं नाव सांगून विकतही नाही. रफीसाहेबांच्या तबकड्या रफीसाहेबांच्या नावावरच विकल्या जात होत्या. 2012 साली कॉपीराइटचा कायदा बदलला आणि मानधनापलीकडे गायकालाही वाट्याचा हक्क मिळाला. म्हणजे लताबाई पन्नास वर्षं आधी बोलत होत्या.

नाशिकरोडचा तबलजी

रॉयल्टीचं सोडा. आधी ठरलेलं मानधन मिळतं का ते विचारा.

मी बावीस वर्षं साथ करतोय. गेल्या वर्षी शहरातल्या एका मंडळाने भक्तिगीतांचा कार्यक्रम ठेवला. फोनवर आकडा ठरला. मी दोन डग्गे, दोन तबले, हातोडी, पावडर घेऊन रिक्षाने गेलो. साउंडवाल्याने तबल्याला माइक दिला तो खोकल्यासारखा वाजत होता, तरी तीन तास वाजवलं. शेवटी सत्कार: शाल, श्रीफळ, आणि पाकीट. घरी येऊन पिन काढली तर ठरल्याच्या निम्मे. फोन केला तर उत्तर, “अहो, देवाचं काम आहे.” मंडपवाला देवाचं काम करत नव्हता का? त्याला पूर्ण दिले. जनरेटरवाल्याला आगाऊ दिले.

गायिकेचंही तेच. तिला तर पाकीटच नाही, ‘तुम्ही घरच्याच’ म्हणून. त्या दिवसापासून घरच्या होणं तिने सोडलं. म्हणून सातपूरच्या भाऊंना सांगतो, रफीसाहेबांचं मोठेपण रफीसाहेबांना परवडलं. त्यांचं उदाहरण देऊन आयोजक आमचे पैसे कापतात, हे मी तोंडावर ऐकलंय: “रफीसाहेब एक रुपयात गायचे.”

आयोजक, पंचवटी

हे ऐकून गप्प बसवत नाही. मी पंधरा वर्षं छोटे कार्यक्रम करतो, खिशातून. नाट्यगृहाचं भाडं, साउंड, परवानग्या, पाहुण्यांचा प्रवास, सगळं आधी मोजावं लागतं. आणि आपले नाशिककर? पिंपळपारावर पाडवा पहाटेला पहाटे पाचला येऊन बसतील, ऐकायला कान तयार आहेत, पण तिकीट म्हटलं की “पास नाही का?” शंभर रुपयांचं तिकीट लावलं तर अर्धं सभागृह रिकामं. बाहेर मिसळीला तेच लोक चौघं मिळून त्याहून जास्त देतात.

तबलजी, निम्मं देणारा चुकला, पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका. एका कार्यक्रमाला मी बायकोची बांगडी ठेवून साथीदारांचे पैसे दिलेत.

नाशिकरोडचा तबलजी

तुम्ही दिले, तुमच्यासमोर हात जोडतो. पण तिकीट विकलं जात नाही तर कार्यक्रम छोटा करा, दोन हार कमी घाला, पाहुण्यांचं भाषण काढा. कापायचं म्हटलं की पहिली कात्री साथीदारावर का? गायकाचं नाव फलकावर मोठं, आमचं ‘व सहकारी’. सुमनताईंचं दुःख ऐकलं, आमचं तर नावच कधी नसतं.

आयोजक, पंचवटी

तुमच्या रागाचं उत्तर माझ्याकडे नाही. पण ‘मालक’ म्हणून माझ्याकडे बोट दाखवाल तर हे काम कोणी करणार नाही, हेही तितकंच खरं.

मेन रोडचे काका

मंडळी, वय झालंय म्हणून मध्ये बोलतो. ज्या गावात हे भांडताय, तिथे थोर गायक विष्णू दिगंबर पलुस्करांनी रामनाम आधार आश्रम काढला होता. गाणारा दारात उभा राहून बिदागी घेणारा माणूस राहू नये, म्हणून या माणसाने 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय ही गाण्याची शाळा सुरू केली, तिकीट लावून जाहीर कार्यक्रम केले. आणि विद्यालयाची मुंबईची इमारत कर्जापायी गेली. म्हणजे आयोजकाचं दुःख आणि कलाकाराचा मान, दोन्ही एकाच माणसाने भोगलं. म्हणून दोघांनी जरा सबुरीने घ्या.

भांडणांचंच म्हणाल तर पलुस्कर आणि संगीताचे अभ्यासक भातखंडे यांचंही पटत नव्हतं. स्वरलिपी दोघांची वेगळी, शिकवण्याची रीत वेगळी, शिष्यांत तर उभा दावा. आज आपण भातखंड्यांचे दहा थाट, म्हणजे रागांचे गट, शिकतो आणि पलुस्करांच्या परंपरेतल्या परीक्षा देतो. पलुस्करांचे चिरंजीव दत्तात्रेय यांचं बघा. ‘बैजू बावरा’तल्या मुकाबल्यात तानसेनाचा आवाज उस्ताद अमीर खाँसाहेबांचा आणि बैजूचा दत्तात्रेयांचा. कथेत तानसेन हरतो. खाँसाहेब तेव्हाही केवढे मोठे, तरी हरणाऱ्याचा आवाज झाले.

आणि आपल्या मराठीत तर याहून मोठं घडलंय. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, संगीत नाटकातले दोन मोठे गायक-नट. दोन कंपन्या, दोन तट, चाहते एकमेकांच्या अंगावर जायचे. 8 जुलै 1921 ला टिळक स्वराज्य फंडासाठी दोघं एका ‘मानापमाना’त उभे राहिले, केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. पुढच्या तीन महिन्यांत केशवराव गेले. माझे आजोबा हे सांगताना मांडीवर ताल धरायचे आणि मध्येच थांबायचे.

सातपूरचा रफीभक्त

काका, तुमच्यापुढे आवाज चढवत नाही. पण केशवरावांनी माफीचं पत्र लिहिलं असं बालगंधर्वांनी कधी म्हटलं नाही. माझं दुखणं तिथेच आहे.

तबलजीभाऊंचं वाचून मात्र रात्री विचार केला. रफीसाहेबांच्या चांगुलपणाचं नाव सांगून कोणी तुमचं पाकीट हलकं करत असेल, तर ते त्यांनाही आवडलं नसतं. गायकाला वाटा मिळायला हवा होता, एवढं मान्य करतो. जड जातंय, पण करतो. रफीसाहेब चुकले असतील तर हिशेबात चुकले, मनाने नाही. यापुढे एक इंच सरकणार नाही.

गोदाकाठचा

एवढं पुरे आहे. मनाने चुकले असं मी कधीच म्हणणार नाही, ‘ज्वेल थीफ’मध्ये दोघं पुन्हा एकत्र आले ते गाणं लागलं की आजही मी हातातलं काम ठेवतो. संगीतकार सचिनदा बर्मन यांच्याशीही लताबाईंचा पाचेक वर्षं अबोला होता. त्या काळात सचिनदांची गाणी आशाबाईंकडे, गीता दत्तकडे गेली आणि त्यांनी सोनं केलं. पुढे त्यांच्या मुलाने, पंचमने (आर. डी. बर्मन) मध्यस्थी केली आणि ‘बंदिनी’त लताबाई परत आल्या. त्या पोस्टवाल्याला ‘बहिणीला दाबलं’ म्हणायचं असेल तर आधी त्या वर्षांतली आशाबाईंची गाणी ऐकावीत.

सुमनस्वर

सगळ्यांचं मिटलं. माझ्या आईच्या निवेदकाचं काय?

गोदाकाठचा

ताई, आमच्या सोसायटीत कोजागिरीला जुन्या गाण्यांचा कार्यक्रम आहे, निवेदन माझ्याकडे आहे. यादीत सुमनताईंची तीन गाणी आहेत. प्रत्येक गाण्याआधी त्यांचं नाव घेईन, आणि वाजवणाऱ्यांचं पूर्ण नाव, ‘व सहकारी’ नाही. तबलजीभाऊ, तारीख मोकळी असेल तर तुम्हीच या. आकडा तुम्ही सांगा. पैसे आदल्या दिवशी पोचतील.

नाशिकरोडचा तबलजी

मोकळी आहे. माइक मात्र चांगला ठेवा.