सील नंतर, आधी बुश बघा
नवीन ऑइल सील टाकूनही तुमच्या सीजे-३बी जीपच्या स्टिअरिंग बॉक्समधून तेल टपकतंय, म्हणून बॉक्स ग्रीसने भरायचा सल्ला तुम्हाला मिळालाय. कृपा करून तसं करू नका! घट्ट ग्रीस एकदा बाजूला सरलं की परत वर्मवर (स्टिअरिंगबरोबर फिरणाऱ्या आटेवाल्या दांड्यावर) येत नाही, मग वर्म आणि त्याच्या आट्यांत बसणाऱ्या लिव्हरच्या पिना कोरड्याच घासतात. या जुन्या रॉस कंपनीच्या बॉक्सचं खरं दुखणं बहुधा सेक्टर शाफ्टच्या (बॉक्समधून बाहेर येणाऱ्या दांड्याच्या) बुशमध्ये, म्हणजे तो ज्यात फिरतो त्या धातूच्या नळीत असतं. या शाफ्टच्या टोकाला बसवलेला पिटमन आर्म धरून हलवा. शाफ्ट डुगडुगला तर कितीही भारी सील टाका, गळणारच. बुश बदलायला आर्म काढण्याआधी शाफ्टवर आणि आर्मवर पंचने खूण करा, आणि आर्म ओढून काढायला पुलरच लावा, हातोडा नको. सील बसतं त्या जागी शाफ्टवरून नख फिरवा. खाच लागली तर शाफ्टही बदलावा लागेल.