राणेसाहेबांना परमवीर चक्र नेमकं कशासाठी मिळालं?

कारवारची_माहेरवाशीण
माझं माहेर कारवार. सुट्टीत समुद्रकिनाऱ्यावर आयएनएस चपळ ही जुनी युद्धनौका बघायला गेलो, तिथेच राम राघोबा राणे यांचा पुतळा आहे. ते जवळच्या चेंडिया गावचे. आता मुलाला शाळेत त्यांच्यावर पाच मिनिटं बोलायचंय. त्याचा पहिला प्रश्न, "आई, त्यांनी शत्रूचे किती मारले?" नेटवर सगळीकडे "रस्ता मोकळा केला" एवढंच सापडतं. रस्ता मोकळा केला म्हणून परमवीर चक्र? शिवाय कुठे मेजर, कुठे सेकंड लेफ्टनंट, तर एका तेलवाहू जहाजावर म्हणे नुसतंच लेफ्टनंट. खरं काय?

खडकीचा_सॅपर
ताई, मी बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे लष्कराच्या इंजिनियर दलाचा, रिटायर सुभेदार. राणेसाहेब आमचेच, त्यामुळे थोडं लांबेल.

मुलाला सांगा, मानपत्रात मारल्याचा आकडाच नाही. एप्रिल १९४८, पाकिस्तानशी काश्मीरची लढाई. जम्मूकडच्या राजौरीत लोकांची कत्तल चाललेली, तिथे लवकर पोचायचं होतं. नौशेराहून जाणारा रस्ता दुश्मनाने माइन्स (सुरुंग) पेरून, पूल उडवून, झाडं आडवी टाकून बंद केलेला. रणगाडे पुढे गेले तरच पायदळ पुढे जाणार, आणि रणगाड्यांना वाट कोण करून देणार? सॅपर.

८ तारखेला डोग्रा पलटणीने वाटेवरची बरवाली रिज, म्हणजे डोंगरधार, घेतली. तिथून पुढे माइन्स काढायला साहेबांची टोळी उतरली आणि मॉर्टरचा, म्हणजे उखळी तोफांचा, मारा सुरू झाला. दोन जवान गेले, पाच जखमी, त्यात साहेब स्वतः. तरी संध्याकाळपर्यंत त्यांनी रणगाडे पुढे काढले. पुढे पाइनची मोठाली झाडं रस्त्यात पाडलेली, खाली माइन्स, वर मशीनगन रोखलेली. १० तारखेला पहाटे पावणेपाचला हात घातला आणि साडेसहाला अडथळा मोकळा. ११ ला सकाळी ११ वाजता रस्ता राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसपर्यंत खुला, आणि त्यानंतरही रात्री दहापर्यंत पुढचं काम चालूच. दुसऱ्या दिवशी राजौरी आपल्या हातात.

हे वाचायला सोपं वाटतं म्हणून सांगतो. माइन हाताने शोधताना पोटावर पडायचं आणि संगीन तिरकी, साधारण तीस अंशात, मातीत हळू सरकवायची. उभी खुपसली तर टोक माइनच्या डोक्यावर बसतं. तिरकी गेली तर कडेला टेकते. टेकली की थांबायचं आणि बोटांनी कडेची माती काढायची. ट्रेनिंगला, म्हणजे खोट्या माइनवर, आमच्या हातांना घाम सुटायचा. इथे डोक्यावर मॉर्टर पडत होते. गोळी झाडायला हात मोकळा असता तर माणसाला बरं वाटलं असतं, असं माझं मत.

पदकवेडा
हुद्द्यांचा घोळ सोपा आहे. पराक्रमाच्या दिवशी ते सेकंड लेफ्टनंट होते, कमिशन मिळून जेमतेम चार महिने झालेले. मेजर म्हणून निवृत्त झाले १९६८ मध्ये. जहाजाचं नाव लेफ्टनंट का ठेवलं ते शिपिंग कॉर्पोरेशनलाच ठाऊक.

पण पराक्रमाआधीची आठ वर्षं कुणी सांगत नाही. १९४० मध्ये शिपाई म्हणून भरती झाले, ट्रेनिंगमध्ये सर्वोत्तम रिक्रूट ठरले, मग ब्रह्मदेशात जपान्यांविरुद्ध लढले. म्हणजे छातीवर परमवीरच्या साध्या जांभळ्या फितीशेजारी बर्मा स्टार हे ब्रह्मदेशच्या लढाईचं पदकही. शिवाय 'मेन्शन्ड इन डिस्पॅचेस', म्हणजे युद्धाच्या अहवालात कामगिरीसाठी नाव येण्याचा मान. त्याचं वेगळं पदक नसतं, फितीवर छोटं पान लावतात. नवख्याला ते दिसतही नाही.

अजून एक. परमवीर चक्र सुरू झालं २६ जानेवारी १९५० ला, पण १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू केलं. १९४७-४८ च्या लढाईसाठी पाच जणांना मिळालं. सोमनाथ शर्मा, जदुनाथ सिंग आणि पीरू सिंग यांना मरणोत्तर. राणे आणि करम सिंग यांना हयातीत. पदकाचा आराखडा सावित्री खानोलकरांचा, म्हणजे मराठी घरात सून होऊन आलेल्या युरोपियन बाईंचा. मुलाला हे नक्की आवडेल.

कारवारची_माहेरवाशीण
सुभेदारसाहेब, दादा, आभार. संगीन तिरकी का धरायची ते मुलाने मला पट्टी आणि डब्याचं झाकण घेऊन दोनदा करून दाखवलं. आता विचारतोय, रणगाड्याखाली शिरले होते ते खरं का?

खडकीचा_सॅपर
रणगाड्याच्या आडोशाने त्यांनी काम केलं, हे पक्कं. दोरीच्या खुणा करून चालकाला चालवलं असंही आमच्याकडे सांगतात. पाच मिनिटांत सगळं मावणार नाही, पाइनच्या झाडांवर भर द्या. आणि सुरुवातीला 'सेकंड लेफ्टनंट' म्हणायला लावा, शेवटी 'मेजर'.