एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १३८, वय ८: फायबर किती द्यायचं?

प्रश्न: मुलाचं एलडीएल १३८ आलंय. रोज किती फायबर, आणि कशातून?

उत्तर १: ढोबळ हिशेब वय अधिक ५, म्हणजे किमान १३ ग्रॅम. पण कामाचं ते विरघळणारं: ओट्स, बार्ली, राजमा, सफरचंद. ते आतड्यातली पित्ताम्लं (चरबी पचवायला यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवतं ती आम्लं) धरून बाहेर नेतं. मग नवी बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढतं. गव्हाच्या कोंड्याने पोट साफ होईल, एलडीएल फारसं हलणार नाही.

उत्तर २: एकदम वाढवलंत तर गॅस, पोटदुखी, आणि मूल ओट्सकडे बघणारही नाही. आठवड्याला २-३ ग्रॅम वाढवा, सोबत पाणी. इसबगोल डॉक्टरांना विचारूनच. कोरडं घशात अडकतं.

उत्तर ३: लोणी-चीज तसंच चालू असेल तर फायबर एकटं काय करणार? एलडीएल १९० च्या वर असतं तर आधी आनुवंशिक कारण तपासायला सांगितलं असतं.