क्रेन उंच करू नका, गाडी खाली घ्या
लिफ्ट केलेल्या, म्हणजे सस्पेन्शन उंच केलेल्या गाडीतून इंजिन काढताना क्रेनची उंची पुरत नसेल तर क्रेनखाली चिरे रचा, असा सल्ला वर कोणी दिलाय; तो कृपया कोणी पाळू नका. दोन-अडीचशे किलोचं डिझेल इंजिन लोंबकळत असताना चिरा फुटला तर खाली हात घातलेल्या माणसाचं काय? लिफ्ट केलेली गाडीच खाली घ्या. चारही चाकं काढून अ‍ॅक्सल जाड लाकडी ठोकळ्यांवर टेकवा, क्रेनचे पाय आत सरकतील एवढीच जागा ठेवा. मोठे टायर असतील तर सहज वीतभर उंची कमी होते. फक्त पुढची चाकं काढलीत तर गाडी नाकावर झुकते आणि इंजिन गिअरबॉक्सच्या शाफ्टवरून सरळ सुटत नाही. ग्रिल, रेडिएटर आधी उतरवा, म्हणजे क्रेन इंजिनाच्या जवळ येईल. क्रेनचा हात जितका लांब काढाल तितकं कमी वजन ती पेलते.

आणि आपल्या गोव्याच्या किनाऱ्याची खारी हवा विसरू नका. म्हापशाच्या ओळखीच्या गॅरेजात कळंगुटकडची गाडी आली की इंजिन गाडीला धरून ठेवणाऱ्या माउंटिंगच्या बोल्टांना आदल्या रात्रीच गंज सोडवायचं तेल मारून ठेवतात, नाहीतर पाना लावताच डोकं तुटून हातात येतं. गिअरबॉक्सखाली जॅक लावल्याशिवाय बेलहाउसिंगचा (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाचा) शेवटचा बोल्ट सोडू नका.